टेपवाडी, मुंबई कार्यालय

टेपवाडी, २६ जानेवारी १९९९

दादा,

आपल्या टेपवाडीत काम करणारी माणसं एकूण किती? मी बी.कॉम. झाले, आता महाडला संगणकाचा कोर्स करते, पण या प्रश्नाचं उत्तर मला देता येत नाही. परवा मुंबईत एका बाईने तो विचारला. माझ्यामागे मोठी रांग होती आणि मी पेन हातात धरून तशीच उभी. शेवटी एक आकडा लिहून दिला. तो बरोबर होता की चूक, हे अजून माझं ठरत नाही.

दहा महिन्यांनी पत्र लिहिते आहे आणि सुरुवातच प्रश्नाने करते आहे, म्हणून रागावू नकोस. रागावलेला आहेसच, त्यात भर नको, एवढंच.

लिहायचं कारण असं की तुझ्या घोडपदेवच्या खोलीवर एखादं जाड, गुळगुळीत पाकीट येण्याचा संभव आहे. ते माझ्यामुळे येईल. फेकू नकोस.

आमच्या क्लासचे मुकुल सर आम्हा नऊ जणांना संगणकांच्या प्रदर्शनाला घेऊन गेले होते. पहाटे वीर स्टेशनवर गाडी पकडायची म्हणून मी आदल्या दिवशीच डोंगर उतरून महाडला देवश्रीकडे राहिले. देवश्री म्हणजे माझ्या शेजारच्या संगणकावर बसते ती, औषधाच्या दुकानवाल्यांची. ती मुंबईला चारदा जाऊन आलेली, त्यामुळे गाडीत ती मला सगळं सांगत होती आणि मी सगळं ऐकत होते. आत शिरताना मात्र ती मागे राहिली आणि मी पुढे गेले. ते कसं, ऐक.

दारात एक फॉर्म भरायचा होता. सर क्लासमध्ये रोज सांगतात, एकही रकाना रिकामा ठेवायचा नाही, रिकामा ठेवला की संगणक पुढे सरकत नाही. देवश्रीने नाव लिहिलं, ‘विद्यार्थी’ लिहिलं, बाकी रेघा मारल्या. मी मात्र सगळे रकाने भरले, आणि खरे भरले. संस्थेचं नाव : टेपवाडी. काम काय : दूध, तूप, नाचणी, वरी. शाखा : मुंबई, घोडपदेव. तुमचं पद : तिथे मी जरा अडले, मग ‘पदवीधर’ लिहिलं, कारण वाडीत ती एकटी मीच आहे. कर्मचारी किती, हा रकाना मघाशी सांगितलाच.

देवश्रीला मिळाला पिवळा बिल्ला. पिवळ्या बिल्ल्याला आत पाणीसुद्धा विचारत नाहीत. मला मिळाला निळा. त्यावर इंग्रजीत छापलेलं, रंजिता आखाडे, टेपवाडी. दादा, निळ्या बिल्ल्याला खुर्ची देतात! चहा देतात, पिशवी देतात, ‘मॅडम’ म्हणतात. मला वाटलं मुंबईची रीतच अशी असेल. देवश्री माझ्या मागे मागे फिरून माझ्या वाट्याची बिस्किटं खात होती.

एका ठिकाणी टाय लावलेला पियुष नावाचा मुलगा होता. त्याने विचारलं, “दोन हजार साल येतंय मॅडम, तुमच्याकडे तारखा कशा ठेवता?” म्हणाला, वर्षाचे दोनच आकडे ठेवणारे संगणक एक जानेवारीला गोंधळतील. मी म्हटलं, “आमच्याकडे आई म्हशीच्या विण्यावरून ठेवते. माझा जन्म चंद्री पहिल्यांदा व्याली त्या साली.” त्याने वहीत काहीतरी लिहिलं आणि तो म्हणाला, “मग तुम्हाला काहीच धोका नाही.”

त्याच्याकडे मराठी अक्षरांची सोय होती. म्हणाला, काहीही टाइप करा. मी ‘टेपवाडी’ लिहिलं. ती अक्षरं मागच्या मोठ्या पडद्यावर उमटली, दारापेक्षा मोठी. दादा, आपलं नाव एसटीच्या पाटीवर नाही, तालुक्याच्या नकाशावर नाही, आणि तिथे एवढी माणसं ते वाचत होती. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. देवश्रीला मी सांगितलं की एसीची हवा लागली.

त्याने तो कागद छापून दिला. बाबांनी तो भाताने चिकटवून दारावर लावला. वाचता येत नाही, पण बराच वेळ बघत होते. “काय लिवलंय गो?” म्हणाले. मी सांगितलं. “मंग बरं हाय. आता आपण कुठं ऱ्हातो ते दाराला तरी म्हायती झालं.” पिशवीत उंदीर फिरवायची एक मऊ चौकोनी गादी मिळाली होती. संगणकाचा उंदीर रे. तिच्यावर आई आता दुधाचा गरम टोप उतरवते. म्हणते, कंपनी चांगली हाय, हात भाजत नाय.

मुंबईत येऊन तुला भेटले नाही, कारण वेळ नव्हता.

तुझी,
रंजी


टेपवाडी, १२ फेब्रुवारी १९९९

दादा,

तुझं पाकीट काल मिळालं. भिकाजीकाका पोस्टमन ते घेऊन चढ चढून आले आणि ओट्यावर बसून म्हणाले, “तुझं पत्र पोलादपुरातनं मुंबईला गेलं, त्येचं उत्तर मुंबईतनं हितं आलं. कागदानं जेवढी एसटी केली तेवढी मी नाय केली गो.”

आत त्या प्रदर्शनातल्या संगणक कंपनीचं फाडलेलं पत्र होतं. वर छापलेलं, ‘श्री. सुनील आखाडे, व्यवस्थापक, टेपवाडी, मुंबई कार्यालय.’ आणि खाली तुझ्या हातच्या दोन ओळी. ‘जो वाडीत राहत नाही त्याने वाडीचं बोलू नये. मग त्याला वाडीचा मॅनेजर कशाला करतेस? गोदामात पेट्या उचलतो म्हणून चेष्टा. पुरे झाली.’

आईने विचारलं, काय लिवलंय दादानं. मी म्हटलं, खुशाल आहे. आईने त्या फाडलेल्या कागदाकडे बघितलं आणि मग ती शेण काढायला गेली.

चेष्टा नव्हती, दादा. त्या फॉर्मवर शेवटचा रकाना होता : मुंबईत संपर्क कोणाशी करावा, नाव आणि पद. माझा हात लिहीत गेला. मुंबईत आपलं म्हणून मला दुसरं कोण ठाऊक आहे? ज्या खोलीत शेजारच्या वाड्यांची चौदा माणसं पाळीपाळीने झोपतात, तिथली जागा, पाणी, आजारपण, गावाला जाणाऱ्याचं सामान, सगळं तूच बघतोस. याला इंग्रजीत काय म्हणतात ते मला कोर्समध्ये शिकवलं होतं. तेच लिहिलं.

पण मागच्या पत्रात मी एक गोष्ट लपवली. दोन लपवल्या.

पहिली. कर्मचाऱ्यांच्या रकान्यात मी त्रेसष्ट लिहिलं. उभ्या उभ्या घराघराने मोजलं, रिकामं कोणी बसत नाही म्हणून सगळ्यांनाच धरलं. गोदावरी आजीलाही धरलं, कारण ती अंथरुणात बसून वाती वळते. चांगूच्या सहा वर्षांच्या पोरीला धरलं, ती करडं वळवते. एकेक धरत आपल्या घरापाशी आले. आई, बाबा, मी. आणि तिथे थांबले. तुला धरलं तर चौसष्ट. मला माझंच वाक्य आठवलं, जे तू आता मला लिहून पाठवलंस. मी त्रेसष्ट लिहिलं, आणि चार ओळी खाली तुला व्यवस्थापक केलं. संगणकाने असा फॉर्म परत केला असता. ती बाई मात्र हसली आणि निळा बिल्ला दिला.

दुसरी. वेळ होता. परतीच्या गाडीला दोन तास होते. देवश्री म्हणाली, चल, टॅक्सीने तुझ्या भावाला भेटून येऊ. मीच म्हटलं, तो कामावर असेल. तो रविवार होता.

गेल्या शिमग्याला तू बैठकीत म्हणालास, वर वीज नाही, रस्ता नाही, सगळे मिळून खाली रस्त्याकडेला राहायला जाऊ या. मला ते सहन झालं नाही. माझी परीक्षा तोंडावर होती, चार पुस्तकं वाचली होती, वाटलं वाडीच्या बाजूने बोलायला आता मीच आहे. आणि ते वाक्य बोलून गेले. तू जेवला नाहीस. तुझ्या नव्या घराचं जोतं तेव्हा नुकतंच बांधून झालं होतं. ते तसंच आहे. एवढंच सांगते, की त्या जोत्यावर एखादं रेडकू जाऊन बसलं तर बाबा हातातलं काम टाकून त्याला हाकलायला जातात. का ते बोलत नाहीत, आणि आम्ही विचारत नाही.

तुझी,
रंजी


टेपवाडी, २१ फेब्रुवारी १९९९

दादा,

हे तुझंच काम!

काल दुपारी मी वरी कांडत होते. खालून भिकाजीकाकांची हाक आली. बघते तर त्यांच्या मागे टाय लावलेला एक जण, बूट हातात, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. काका म्हणाले, “हा तुमचा सायेब. टपालात टाकता येईना म्हणून चालवत आणला.”

पियुष! प्रदर्शनातला! पाठीवर कंपनीची पिशवी, तोंड लाल. “मॅडम, टेपवाडी हेड ऑफिस?” म्हणाला. मी आजूबाजूला बघितलं. तीन म्हशी, चांगूची पोरगी आणि वाळत घातलेली वाकळ. म्हटलं, “हो. बसा.”

आईने आधी ताक दिलं, मग भाकरी दिली, मग कोण म्हणून विचारलं. गोमाजी आजा काठी टेकत आले. अर्धी वाडी जमली. पियुषने पुस्तिका काढली, रंगीत चित्रं दाखवली, त्रेसष्ट कर्मचाऱ्यांच्या दूध-व्यवसायाला किती संगणक लागतील ते सांगितलं. सगळ्यांनी मन लावून ऐकलं. मग त्याने इकडेतिकडे बघत विचारलं, “प्लग पॉइंट कुठे आहे?”

मी म्हटलं, “वीज नाही आमच्याकडे.”

“गेलीये?”

“आलीच नाही.”

गोमाजी आजा म्हणाले, “खांब खालच्या गावापातूर आल्यात रे बाबा. तिथनं फुडं त्यांना चढ लागला. पण तू आण तुझी पेटी. आपण दिवसा चालवू. दिवसा इजेचं काय काम?”

पियुषने पुस्तिका मिटली. मग तो हसायला लागला, आणि इतका हसला की त्याला उभं राहवेना. मागे सरकत तो तुझ्या जोत्यावर जाऊन बसला.

बाबा लगेच पुढे झाले. “सायेब, तिथं नका बसू. त्ये घर हाय.”

पियुष दचकून उठला. त्याला तिथे दगडच दिसत होते. मग त्याने खिशातून घडी केलेला कागद काढला, उलटसुलट धरला आणि म्हणाला, “हां, आहे की इथे. सॉरी, बाबा. सुनीलचं घर.”

तो कागद मी त्याच्या हातातून घेतला. तुझं अक्षर. पोलादपूरचा स्टॅण्ड, ओढा, तिसऱ्या वळणावरचं आंब्याचं झाड आणि त्याच्याखाली ‘इथे पाणी प्या, पुढे नाही’. मग वर आपली वाडी. चौकोनात घरं, प्रत्येकावर नाव. मी मोजली. वाडीत घरं अकरा आहेत. तू बारा काढलीस. बारावं बाबांच्या शेजारी, आणि त्याला तू दारसुद्धा काढलंस, पूर्वेकडे.

बाबांनी कागद मागितला. त्यांनी बोटाने आपलं घर शोधलं, मग शेजारच्या चौकोनावर बोट ठेवलं आणि ते तिथेच ठेवून उभे राहिले. “दार हिकडं काढलंय,” म्हणाले, “बरं केलं. पावसाची झड नाय लागायची.”

मग पियुषने सगळं सांगितलं. तू पहिल्यांदा त्याला दारातूनच घालवत होतास. त्याने फॉर्मची प्रत दाखवली, तू ती बराच वेळ वाचलीस, खोलीतल्या सगळ्यांना वाचून दाखवलीस, मग त्याला खाटेवर बसवून चहा मागवलास आणि म्हणालास, “मॅनेजर मीच. पण खरेदीचा निर्णय हेड ऑफिसला होतो. पदवीधर मॅडम आहेत, त्यांना भेटा. मी नकाशा देतो.” आणि चौदाच्या चौदा माणसं तोंड मिटून बसलेली!

वीज नाही, हे तू त्याला एका अक्षराने सांगितलं नाहीस. टाय लावलेला माणूस दीड तासाच्या चढणीवर पाठवलास. मी आधी चिडले. मग रात्रीची भाकरी थापताना मला हसू फुटलं आणि ते थांबेचना. आई म्हणाली, काय झालं गो तुला? मी म्हटलं, दादा माझ्याशी बोलला.

माझं दुसरं पत्र तुला पियुष तुझ्याकडे येऊन गेल्यावर मिळालं की आधी, ते मला माहीत नाही. विचारणारही नाही.

पियुष संध्याकाळच्या आत उतरला, आईने दिलेली तुपाची बरणी घेऊन. जाताना म्हणाला, “मॅडम, लाइट आली की मला फोन करा.” फोन कुठून, हे विचारायचं त्याने शहाणपणाने टाळलं.

तुझी,
रंजी

ता.क. नकाशा मी ठेवून घेतला आहे.


महाड, २५ फेब्रुवारी १९९९

दादा,

संध्याकाळच्या तासाला पोलादपूरहून परत आले आहे आणि हे क्लासमधून लिहिते आहे, पाठीमागे प्रिंटर खरखरतो आहे. आज मी जे केलं ते तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्याआधी सांगायचं आहे.

पियुष गेल्यावर वाडीत दोन दिवस दुसरा विषय नव्हता. “दिवसा चालवू” म्हणून सगळे गोमाजी आजांना चिडवत होते. शेवटी आजा चिडून म्हणाले, “हसता काय रं? एक परका मानूस पायात बूट न घालता वर येतो, आन् आपण अजून अर्ज नाय केला.” खरंच केलेला नाही, दादा. सगळे म्हणत आले की वीज येत नाही. मागितली होती का, हे कोणीच सांगू शकेना.

सोमवारी मी पोलादपूरला वीज कार्यालयात जाऊन विचारलं. अर्ज, घरांची यादी, माणसांची यादी, प्रत्येक घराची सही किंवा अंगठा, आणि वाडीचा हाताने काढलेला नकाशा.

काल संध्याकाळी सह्या आणि अंगठे घ्यायला बैठक झाली. यादी वाचण्याआधी मी उभी राहिले, गेल्या शिमग्याला जिथे उभी होते त्याच दगडाशी. म्हटलं, “मागच्या वर्षी मी इथे एक वाक्य बोलले. ते चुकीचं होतं. जो वाडीत राहत नाही तोही वाडीचं बोलू शकतो. दादा खाली चला म्हणाला ते मला आजही पटत नाही, पण वीज नाही म्हणून पोरं इथून जातील, हे तो खरं बोलला. मी माझं वाक्य मागे घेते.”

मग गोमाजी आजा म्हणाले, “बस गो. शिकलेली मानसं चुकतात उभ्यानं आन् कबूल करतात पण उभ्यानं. आमी बसूनच चुकतो.” सगळे हसले. आईने डोळ्यांना पदर लावला. बाबा उठले आणि तुझ्या जोत्यावरचा पालापाचोळा झाडायला गेले, अंधार पडायला आला होता तरी.

आज सकाळी मुकुल सरांनी मला संगणक मोकळा करून दिला. मी यादी स्वतः टाइप केली. एकही रकाना रिकामा ठेवला नाही. घरं बारा. नकाशा तुझाच जोडला, आंब्याच्या झाडासकट. ‘पुढे पाणी नाही’ हेही साहेबांना कळलेलं बरं.

दुपारच्या एसटीने पोलादपूरला जाऊन अर्ज दिला. खिडकीतल्या भाऊसाहेबांनी चष्मा वर करून यादी बघितली. “बारावं घर. भिंती नाहीत, छप्पर नाही, नुसतं जोतं. जोत्याला वीज कशाला?”

मी म्हटलं, “मालक मुंबईला असतो. शिमग्याला येतोय. भिंती चढवील.”

“आणि सही?”

“आल्यावर करील.”

“येतोय नक्की?”

दादा, तुझ्याकडून मला एक ओळही आलेली नव्हती. माझ्याजवळ फक्त एक दार होतं, पूर्वेकडे काढलेलं. मी म्हटलं, “येतोय.”

ते म्हणाले, “मग होळीनंतर त्याला घेऊन या,” आणि शिक्का मारला. पोच माझ्या पर्समध्ये आहे, निळ्या बिल्ल्याच्या मागे. अर्ज आत गेला, आता तो बदलता येत नाही. बदलता येतो का, हे मी विचारलंही नाही.

शिमग्याला चार दिवस आहेत. आपल्या घराच्या नावांत तू बाबांच्या खाली आहेस, माझ्या वर. एकूण माणसांच्या रकान्यात मी चौसष्ट लिहिलं आहे.

तुझी,
रंजी